मोरीचा कौल

मटण कसं झालंय ते गिऱ्हाइकाला कळतं, पण ते कसं शिजलं ते मोरीवर बसलेल्या बाईला कळतं. आच मोठी राहिली होती का, खोबऱ्याचं दूध घातल्यावर ढवळणारीचा हात थांबला का, भात उतरवायला उशीर झाला का, या सगळ्याचा पुरावा भांड्याच्या बुडाशी चिकटून मोरीत येतो. शाहूपुरीत आमची खाणावळ आहे. सासूबाईंनी ती सुरू केली आणि पुढे ती माझ्या गळ्यात पडली. कोल्हापूरची खाणावळ म्हटलं की लोक तांबडा-पांढरा विचारतात, मसाला कोणता ते विचारतात. भांडी कशी घासता, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. खरं तर त्यावर बोलायला माझ्याकडे जास्त आहे.

आमच्याकडे सगळ्या जातीची भांडी आहेत. रश्श्याला कल्हईची पितळी पातेली, भाताला जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, मोठी डेग, भाकरीला लोखंडी तवे, पीठ मळायला लाकडी काठवट, वाढायला स्टीलची ताटं-वाट्या आणि मागच्या अंगणात तांब्याचा बंब. नवीन माणूस मोरीवर आला की एकच घासणी आणि एकच साबण घेऊन सगळ्यावर तुटून पडतो. आमची मोरी सांभाळणाऱ्या मावशी त्याला पहिल्या दिवशी घासायलाच देत नाहीत. नुसती भांडी वेगळी करायला सांगतात. जर्मल इकडं, पितळ तिकडं, लोखंड भिंतीला. मग त्यातही चरबीची वेगळी, दुधाची वेगळी, करपलेली वेगळी. “भांडं वळीक, मग त्याला काय लागलंय त्ये वळीक. घासायचं सगळ्यात शेवटी,” हे त्यांचं म्हणणं. घासण्याला जोर कमी आणि ओळख जास्त लागते, हे मला मान्य करायला काही वर्षं गेली असतील, मावशींना मात्र ते उपजत माहीत असावं.

चरबीचंच बघा. मटणाची चरबी गार पाण्यात क्षणात थिजते. पातेलं रिकामं झालं आणि कुणी त्यात नळाचं पाणी सोडलं की कडेला पांढरट मेणचट थर बसतो, मग साबण त्यावरून नुसता घसरतो. म्हणून मटणाच्या पातेल्यात आधी चाळलेली कोरडी राख टाकायची, नारळाच्या शेंडीने फिरवायची. राख कट पिऊन घेते, काळपट गोळे होतात, ते काढून केराच्या बादलीत टाकायचे आणि मगच कडकडीत पाणी. कट मोरीत सोडला की गटार तुंबलंच म्हणून समजा. राखेत पोटॅशचा क्षार असतो, तेलातुपाशी त्याची गाठ पडली की थोडाफार साबणच तयार होतो. आमच्या आज्या-पणज्यांना रसायन ठाऊक नसेल, हाताला लागणारा बुळबुळीतपणा ठाऊक होता.

राखेतही प्रकार आहेत. शेणीची राख मऊ, पितळेला बरी. लाकडाची राख जास्त क्षाराची, ती तेलकटाला. मागच्या अंगणातली चूल मी अजून मोडलेली नाही ती निम्मी रश्श्याच्या चवीसाठी आणि निम्मी या राखेसाठी. पण राख चाळून घ्यायची, त्यात एखादा खिळा किंवा खडा राहिला तर स्टीलच्या ताटावर कायमची रेघ उमटते.

दुधाचं नेमकं उलटं. बासुंदीचं पातेलं, पिठल्याची कढई, अंडी फेटलेलं भांडं, पीठ मळलेली परात यांना पहिलं पाणी गारच हवं. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन आणखी आवळून बसतं, पिठाची खळ होते. पांढऱ्या रश्श्याने मात्र आमची पंचाईत केली. त्यात मटणाचं अळणी पाणी, म्हणजे चरबी आली. आणि खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, काजू, म्हणजे दुधाचा स्वभावही आला. गरम की गार? मावशींनी याचा निकाल असा लावला: आधी गार पाणी घालून पळीने बूड मोकळं करायचं, ते पाणी ओतून टाकायचं, मग राख, मग ऊन पाणी. कुठल्या पुस्तकात हे मिळेल असं मला वाटत नाही.

तांबड्या रश्श्याचा रंग हा आणखी वेगळा विषय. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून डबा घेऊन जाणाऱ्यांचे प्लॅस्टिकचे डबे कितीही धुतले तरी नारिंगी राहतात. त्यावर उपाय म्हणजे आतून चमचाभर गोडं तेल चोळायचं, मग बेसन किंवा कोंडा लावून ते पुसून काढायचं, धुवायचं आणि डबा उघडा करून उन्हात ठेवायचा. दोन-चार दिवसांच्या उन्हाने तो रंग विटतो. पावसाळ्यात, म्हणजे ऐन आखाडात, कोल्हापुरात ऊन कुठलं? तेव्हा नारिंगी डबे नारिंगीच राहतात आणि गिऱ्हाईक ते निमूट चालवून घेतं.

घासण्याचं सामान आम्ही फारसं विकत आणत नाही. रश्श्याला नारळ फुटतात, त्यांची शेंडी घासणीला. आमटीला चिंच कोळली की उरलेला चोथा पितळेला. सोलकढीची आमसुलं तांब्याला. ताटात दिलेल्या लिंबाच्या पिळलेल्या फोडी जर्मलला. सासूबाई तर चिंचेचा चोथा केरात टाकताना कुणी दिसलं की असं बघायच्या की त्या पोरीने पुढे कधी टाकला नाही.

तांबं-पितळ काळवंडतं म्हणजे हवेने त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, लिंबातलं सायट्रिक आम्ल तो थर विरघळवतं आणि मिठाची जोड मिळाली की काम झपाट्याने होतं. बंबावर मीठ लावलेली चिंच फिरवली की हाताखाली गुलाबी वाट उमटत जाते, ते बघायला मला आजही आवडतं. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, तेलकट थरावर आम्ल चालत नाही. समईला चिंच लावून लावून हात दुखले, अशी तक्रार दिवाळीच्या आधी शेजारच्या बायका हमखास करतात. समईवर तेल वाळून चिकट रोगणासारखं बसलेलं असतं. ती आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवायची, चिकटा गेला की चिंच. दोन, पितळ चिंचेत भिजत घालून झोपायचं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात फार वेळ राहिलं तर वरचं जस्त निघून जातं आणि भांड्यावर तांबूस डाग पडतात. लावलं, चोळलं, धुतलं, लगेच कोरडं केलं. ओलं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा डाग.

विटकरीच्या भुकटीचा मात्र मला राग आहे. सासूबाईंच्या लग्नातल्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत, कुणाकडून कुणाला आणि तारीख. ज्या तांब्या-पेल्यांना वर्षानुवर्षं वीट लागली त्यांच्यावरची नावं बोटाने चाचपावी लागतात, आणि ज्या परातीला फक्त चिंच लागली तिच्यावरचं मामांचं नाव काल घातल्यासारखं आहे. आता पितांबरी आहे, सणाच्या गर्दीत ती सोयीची पडते, मीही आणते. रोजच्याला चोथा फुकट असताना मावशी पुड्याला हात लावत नाहीत.

कल्हई हे आमच्या मोरीतलं सोवळं. पितळेच्या पातेल्यात टोमॅटो, चिंच, ताक काहीही आंबट गेलं तर ते कळकतं, म्हणून आतून कथिलाचा मुलामा. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावतो, पातेलं तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा हात फिरवतो की बघता बघता पिवळ्याचं रुपेरी होतं. नवसागर पितळेवरचा मळ खाऊन टाकतो, त्याशिवाय कथील धरत नाही. या कथिलाची एक नाजूक बाजू म्हणजे ते २३२ अंशांना वितळतं. पाणी किंवा रस्सा आत आहे तोवर काळजी नाही, कारण तो उकळण्यापलीकडे तापत नाही. पण रिकामं पातेलं मोठ्या शेगडीवर विसरलं, किंवा त्यात मसाला कोरडा भाजायला घेतला, की कल्हई ओघळून बुडाशी गोळा होते. मग कितीही घासा, गेली ती गेली.

कल्हईच्या आत तारेची घासणी, वीट, चिंच काही चालत नाही. ऊन पाणी, चाळलेली राख किंवा साबण आणि शेंडीचा मऊ भाग, बस्स. ती वापराने करडी पडते, ते घाण नाही. नव्या मुलींना हे पटत नाही. पांढरं दिसलं पाहिजे म्हणून त्या कथील खरवडतात. मावशी अशा वेळी बोलत नाहीत, सरळ हातातलं पातेलं काढून घेतात. बाहेरून पितळ लखलखीत आणि आतून कल्हई करडी, असं पातेलं दिसलं की समजावं, इथे जाणतं माणूस मोरीवर आहे.

जर्मल ही पितळेची सावत्र बहीण. तिला हलकं आम्ल मानवतं, क्षार मानवत नाही. धुण्याचा सोडा घालून डेग भिजवली की ती काळी ठिक्कर पडते, वरून धातूही झिजतो. डेग काळी पडली की पाण्यात लिंबाच्या फोडी नाहीतर चिंच घालून दहा-पंधरा मिनिटं उकळायची, पाणी टाकून द्यायचं आणि हलक्या हाताने घासायची. कुकरच्या तळात पाण्याबरोबर लिंबाची एक फोड टाकली तर तो काळा पडतच नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कुकरला क्षाराचा पांढरा थर बसतो, त्यावरही हेच. करपलेल्या स्टीलला मात्र सोडा: बूड बुडेल इतकं पाणी, चमचा-दोन चमचे खायचा सोडा, उकळी, मग गार होऊ द्यायचं आणि लाकडी उलथण्याने सोलून काढायचं. जर्मलच्या करपलेल्या डेगेला नुसतं पाणी आणि धीर.

हल्ली मोबाइलवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचे व्हिडिओ फिरतात. कॉलेजात जाणारा माझा पुतण्या मोठ्या हौसेने ते करून दाखवायला मोरीत आला होता. फेस भरपूर आला. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात, वायू निघून जातो आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. एक वापरा नाहीतर दुसरं. मावशींनी फेस ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, “झालं तुजं? आता मी घासतो की.”

लोखंडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण लोखंडाला जेवढं कमी कराल तेवढं चांगलं. आंबट लावायचं नाही, भिजत ठेवायचं नाही, धुतल्यावर आचेवर सुकवून तेलाचं बोट फिरवायचं. गंज धरलाच तर खडे मीठ आणि कापलेला बटाटा. काठवटीला मीठ-लिंबू आणि उभी करून सुकवणं, पाट्या-वरवंट्याला साबण कधीच नाही. मूठभर तांदूळ वाटून काढले की मसाल्याचा वास त्यांच्याबरोबर निघून जातो.

या सगळ्या शिस्तीची परीक्षा झाली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात, तयार गणपती पाण्यात, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद. आमच्या मागच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं आणि शिंगणापूरचे पंप बुडाल्यामुळे नळाला थेंब नव्हता. चहूकडे पाणी आणि भांडी घासायला पाणी नाही, अशी अवस्था मी तोवर पाहिली नव्हती. टँकर आला की कळशी, बादली, बंब, जे हाताला लागेल ते भरायचं. पुढच्या खोलीत आम्ही पूरग्रस्तांसाठी भात-आमटी करत होतो. त्या दिवसांत मावशींनी माळ्यावरच्या पोत्यातली राख काढली. खरकटं निपटायचं, कोरड्या राखेने घासायचं, फडक्याने झटकायचं, शेवटी एकाच बादलीतलं पाणी तीन भांड्यांतून फिरवून विसळायचं. साबणाचा फेस घालवायला जे पाणी लागतं ते राखेला लागत नाही, हे तिथे दिसलं.

पाणी ओसरल्यावर मागच्या खोलीतली भांडी निघाली. गाळ कातडीसारखा चिकटलेला, पितळेवर काळे-हिरवे पट्टे. गल्लीत सगळीकडे ब्लिचिंग पावडर वाटली जात होती. काही घरांनी ती स्टीलच्या पातेल्यांत घालून रात्रभर भिजवली. सकाळी बुडाला सुईने टोचल्यासारखे खड्डे. क्लोरीन स्टीलला खातो, मीठही तेच करतं, म्हणून गार पाण्यात मीठ घालून स्टीलचं भांडं तसंच ठेवू नये. आम्ही आधी गाळ ओला करून बोटांनी उतरवला, साबणाने धुतलं, सगळं चुलीवर खळखळा उकळलं आणि शेवटी पितळेला चिंच. आंबटाची पाळी शेवटी आली, नेहमीसारखीच. एक पातेलं मात्र गेलं, त्याच्या सांध्यातला डाग फुटून झिरपायला लागला होता. ते आता गवती चहाला कुंडी म्हणून आहे.

मावशींच्या हातांबद्दल बोलायला हवं. चिंच, लिंबू, सोडा, राख, भांड्यांना जे मानवतं ते कातडीला मानवत नाही. बोटांच्या पेरांना चिरा, नखांच्या कडेला सूज, हिवाळ्यात तर मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. मी रबरी हातमोजे आणले. त्यांनी ते सोड्याच्या पाण्यापुरते ठेवले, बाकी वेळी बाजूला. “हातमोज्यात चिकटा कळत न्हाई वहिनी. भांडं निघालं का न्हाई त्ये बोटाला कळाय पायजे.” त्या धुतलेल्या ताटावरून अंगठा ओढतात, करकर वाजलं तर ताट निघालं, बुळकन सरकलं तर परत मोरीत. बसण्याआधी खोबरेल चोळतात, उठल्यावर पुन्हा. बसून घासण्याने गुडघे गेले म्हणून मी कमरेच्या उंचीचा ओटा बांधून घेतला. मोठी पातेली त्यावर चढवणं जड जातं, म्हणून तीही आता दोघींनी मिळून उचलायची.

आमच्या धंद्यात मोरीवरचा पगार भाकऱ्या थापणाऱ्यांपेक्षा कमी असतो. भाकरी येणं ही कला आणि भांडी घासणं म्हणजे कुणीही करावं असं काम, असा त्यामागचा हिशेब. मला तो कधी पटला नाही. एक कच्ची भाकरी गेली तर नुकसान एका पिठाच्या गोळ्याचं. कल्हई खरवडली, डेग सोड्यात घातली, स्टीलला खड्डे पडले तर नुकसान किती ते भांड्यांच्या दुकानात गेल्यावर कळतं. आमच्याकडे दोन्ही पगार सारखे आहेत. त्यावरून आधी कुरकुर झाली, ती आता थांबली आहे.

स्वयंपाकघरातही थोडे कायदे मोरीवरून आलेले आहेत. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवायचा, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. पांढऱ्या रश्श्याला उकळी फुटेपर्यंत पळी थांबवायची नाही. दुधा-पिठाचं भांडं रिकामं करणाऱ्याने ते कोरडं मोरीत टाकायचं नाही. हे पाळलं गेलं नाही तर मावशी करपलेलं पातेलं घेऊन थेट चुलीपाशी येतात आणि काही न बोलता ते तिथे ठेवून जातात.

मागच्या श्रावणात, खाणावळीला जरा उसंत होती तेव्हा, आम्ही महाद्वार रोडला नवीन पातेली घ्यायला गेलो. पूर्वी मी एकटी जात असे, जाडी आणि वजन बघून घेत असे. आता मावशींना बरोबर नेते. दुकानदाराने एक देखणं स्टीलचं पातेलं पुढे केलं, बाहेरून तांब्याचा मुलामा, काठ गोल दुमडलेला. भाव मला पटला होता. मावशींनी ते पालथं केलं, बूड ठोकून पाहिलं आणि मग दुमडीच्या आतल्या फटीत नख घालून काठभर फिरवलं. “ह्येच्यात बोट जात न्हाई. रस्सा बसणार, झुरळं व्हनार. आन् ह्यो मुलामा चार महिन्यांत माज्या हाताखाली उतरतोय बगा.”

दुकानदार माझ्याकडे बघून हसला, वहिनींना काय हवंय ते सांगा, म्हणाला. मी त्याला मावशींना विचारायला सांगितलं. त्यांनी मागच्या फळीवरची सरळ काठाची, जाड बुडाची तीन साधी पातेली उतरवून घेतली.